सतरा फेऱ्या आणि एक रात्र

काल २५ डिसेंबर २०२५ होता. ग्वाल्हेरमध्ये या दिवशी अटलजींची आठवण निघते, आणि आठवण निघाली की शिंद्यांच्या छावणीतल्या त्यांच्या बालपणापासून सुरू झालेले बोलणे शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबते : "एका मताने सरकार पडले." काल ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या एका घरगुती बैठकीतही तेच झाले. हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे असे मला गेली काही वर्षे वाटू लागले आहे. काल चार माणसांत नीट मांडता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

१७ एप्रिल १९९९ हा शनिवार होता. माझे वडील महालेखाकार कार्यालयात लेखापरीक्षक होते, त्यामुळे कोणतीही बेरीज स्वतः करून पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. कालनिर्णयच्या उलटलेल्या पानावर त्यांनी पेन्सिलीने तीन रकाने आखले होते : बाजूने, विरोधात आणि तटस्थ. जयललितांच्या पक्षाचे १८ खासदार पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात गेले होते. बसपाचे ५ त्यांनी तिसऱ्यात लिहिले होते, कारण मायावती तटस्थ राहतील असाच सर्वांचा समज होता. ऐन वेळी वीज गेली आणि आम्ही ट्रान्झिस्टरभोवती बसलो. बसपाची मते विरोधात पडल्याचे कळले तेव्हा त्यांनी तो ५ चा आकडा खोडला नाही, त्याला गोल केला आणि बाण काढून दुसऱ्या रकान्यात नेला. बाजूने २६९, विरोधात २७०. ते पान पुढे बरेच दिवस भिंतीवर राहिले. त्या वेळी ते एवढेच म्हणाले, "बिल नामंजूर केले ते ठीक, पण यांच्याकडे दुसरे बिल आहे का?"

दुसरे बिल नव्हतेच. सोनिया गांधींनी राष्ट्रपती नारायणन यांना २७२ चा पाठिंबा असल्याचे सांगितले, मुलायमसिंहांनी साथ दिली नाही, आणि महिना संपण्यापूर्वीच लोकसभा विसर्जित झाली. मे ते जुलै या काळात कारगिलचे युद्ध झाले तेव्हा देशात काळजीवाहू सरकार होते, आणि नवी लोकसभा यायला ऑक्टोबर उजाडला. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाल्यावरही खासदार म्हणून मत द्यायला कसे आले, यावर आम्ही पंचवीस वर्षे चर्चा करतो. पण त्या २७० जणांकडे पुढच्या पंतप्रधानाचे एकही सर्वमान्य नाव नव्हते, हे मात्र कोणी फारसे काढत नाही.

म्हणून अनेक वर्षे माझे मत पक्के होते की जो सरकार पाडेल त्याने त्याच प्रस्तावात पुढचे नाव दिले पाहिजे. जर्मनीत तशी तरतूद आहे. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ च्याच आपल्या १७०व्या अहवालात अशी शिफारस केली होती. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे विचारण्यात अर्थ नाही.

पण माझ्या या मतात एक छिद्र होते, आणि ते मला नेपाळने दाखवले. अटलजींचे सरकार अविश्वास प्रस्तावाने पडलेच नव्हते. मित्रपक्षाने पाठिंबा काढल्यावर राष्ट्रपतींनी त्यांना विश्वासमत घ्यायला सांगितले आणि ते त्यात हरले. अविश्वास प्रस्तावाला कितीही चांगले कुलूप लावले, तरी माणसे दुसऱ्या दाराने गेली होती.

नेपाळकडे आम्हा ग्वाल्हेरकरांचे लक्ष असणे स्वाभाविक आहे. राजमाता विजयाराजेंचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातले, त्यांच्या सूनबाई माधवीराजेंचे तर माहेरच. अर्थात मी नेपाळच्या बातम्या वाचू लागलो त्याचे कारण राजघराणे नाही. आमच्या इमारतीचा चौकीदार कैलाली जिल्ह्यातला आहे. तो वीस-बावीस वर्षे येथे असून रात्री मोबाइलवर नेपाळी बातम्या ऐकतो, आणि मला झोप लागत नाही तेव्हा मी खाली जाऊन त्याच्या बाकावर बसतो.

२०१५ च्या नेपाळच्या घटनेने माझ्या मनातली जवळजवळ प्रत्येक तरतूद केलेली आहे. ७६व्या कलमात पंतप्रधान निवडण्याच्या पायऱ्या आहेत : आधी स्पष्ट बहुमत असलेला पक्ष, तो नसेल तर दोन किंवा अधिक पक्षांची आघाडी, तीही नसेल तर सर्वांत मोठा पक्ष, आणि शेवटी विश्वासमत मिळवण्याचा आधार दाखवू शकणारा कोणीही सदस्य. १००व्या कलमाप्रमाणे पहिली दोन वर्षे अविश्वास प्रस्ताव आणता येत नाही, आणि आणायचा झाला तर पर्यायी पंतप्रधानाचे नाव द्यावे लागते. कागदावर इतके बंदोबस्ताचे काम क्वचित पाहायला मिळते.

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. २०२२ च्या निवडणुकीत २७५ जणांच्या सभागृहात शेरबहादुर देउबांच्या नेपाळी काँग्रेसला ८९, के. पी. ओलींच्या एमाले या कम्युनिस्ट पक्षाला ७८ आणि प्रचंड यांच्या माओवादी केंद्राला ३२ जागा मिळाल्या. प्रचंड काँग्रेसबरोबर आघाडी करून लढले होते. पण पंतप्रधानपदाची पहिली पाळी आपल्याला द्यायला देउबा तयार नाहीत असे दिसताच ते ज्यांच्याविरुद्ध लढले त्या ओलींच्या घरी गेले आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधान नेमले गेले. तारीख २५ डिसेंबरच होती. काल बैठकीत हा योगायोग सांगितला तेव्हा कोणालाही फारसे अप्रूप वाटले नाही. पंधरा दिवसांनी विश्वासमताला हजर २७० पैकी २६८ जणांनी त्यांच्या बाजूने मत दिले, म्हणजे ज्या काँग्रेसला त्यांनी सोडले तिनेही, आणि सभागृहात विरोधी पक्ष नावालाच उरला. पुढे दर काही महिन्यांनी मित्र बदलत गेले आणि घटनेप्रमाणे प्रत्येक वेळी विश्वासमत घ्यावे लागले. दीड वर्षात पाच वेळा! पाचव्या वेळी, १२ जुलै २०२४ रोजी, बाजूने ६३ आणि विरोधात १९४ मते पडली. त्याआधी जुलैच्या पहिल्या दिवशी, मध्यरात्रीच्या सुमारास, ओली आणि देउबा यांनी उरलेला काळ वाटून घेण्याचा करार केला होता. अविश्वास प्रस्ताव कोणी आणलाच नाही, त्यामुळे ते दोन वर्षांचे कुलूप शाबूत राहिले.

त्या आठवड्यात मी चौकीदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अब ओलीजी का पालो है, साहब." पालो म्हणजे आपली पाळी. आपण आळीपाळीने म्हणतो, ते आलोपालो म्हणतात. पाटाच्या पाण्याची पाळी, कारखान्यातली पाळी, तशी ही राज्याची पाळी. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बसची वेळ सांगावी तसे त्याने सांगितले, आणि मला रागापेक्षा तेच जास्त लागले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्या मुद्द्यावर येतो. याच नेपाळमध्ये २०१० साली असा प्रकार झाला होता की त्या वेळी सारे जग हसले होते, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. तेव्हाचे पंतप्रधान माधवकुमार नेपाळ यांनी जूनअखेर राजीनामा दिला आणि ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत नवा पंतप्रधान निवडण्यासाठी मतदान सुरू झाले. जिंकायला एकूण संख्येचे बहुमत, म्हणजे ३०१ मते हवी होती. एकीकडे प्रचंड, दुसरीकडे नेपाळी काँग्रेसचे रामचंद्र पौडेल. काही मोठे गट तटस्थ बसत, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच आकडा गाठता येत नसे. सात फेऱ्यांनंतर प्रचंड बाजूला झाले. नंतर पौडेल एकटेच उमेदवार होते आणि तरीही प्रत्येक फेरीत हरत होते. एकटा माणूस धावतो आणि शर्यत हरतो, असे विनोद तेव्हा आमच्या कार्यालयातही चालत. अर्थसंकल्प रखडला, सात महिने देश काळजीवाहू सरकारच्या हाती राहिला. शेवटी तटस्थ राहण्याची वाट नियम बदलून बंद केली गेली आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी सतराव्या फेरीत एमालेचे झलनाथ खनाल ३६८ मतांनी निवडून आले.

हसण्यासारखे त्यात होते, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या सोळा निष्फळ फेऱ्यांत कोण कोणाला अडवत आहे, कोण तटस्थतेच्या आड बसून भाव वाढवत आहे, हे काठमांडूतल्या चहाच्या टपरीवरही दिसत होते, कारण प्रत्येक वेळी सभागृहात नावानिशी मोजणी होत होती. २०२४ च्या त्या एका रात्री यातले काहीच दिसले नाही. सकाळी लोकांना निकाल कळला, पण अटी त्या वेळी अंधारातच राहिल्या. माझे मत असे झाले आहे की सतरा फेऱ्यांचे हसे सोसावे, पण ती एक रात्र नको.

यावर काल एका मित्राने योग्य आक्षेप घेतला. तो म्हणाला की सतराव्या फेरीचा निकालही प्रचंड आणि खनाल यांच्यातल्या गुप्त सात कलमी करारानेच लागला होता. अगदी खरे आहे. तो करार बाहेर आला, खनाल यांच्याच पक्षात वादळ उठले आणि ते सरकार सात महिनेही टिकले नाही. म्हणूनच उघड मतदान मला पुरेसे वाटत नाही. ज्या कराराच्या बळावर बहुमत उभे आहे तो करार मतदानापूर्वी सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला पाहिजे, त्यात पाळी ठरली असेल तर तारखेसह. माझ्या वडिलांच्या कार्यालयात व्हाउचर जोडल्याशिवाय रक्कम मान्य होत नसे. रक्कम खरी आहे की खोटी हा प्रश्न त्यानंतरचा होता. आघाडी करणे, मंत्रिपदे वाटून घेणे, अगदी पंतप्रधानपद वाटून घेणे यालाही माझी हरकत नाही. लोकांनी कोणालाच बहुमत दिले नाही तर कोणी तरी कोणाशी तरी बोललेच पाहिजे, आणि ते बोलणे बंद दाराआड व्हावे हेही मला मान्य आहे. दार उघडल्यावर हातात कागद असावा, इतकेच मागणे आहे.

आपल्याकडे हा कागद क्वचितच दिसला आहे. घटनेचे ७५वे कलम पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतील एवढेच म्हणते. कशी, ते सांगत नाही. त्यामुळे पाठिंब्याची पत्रे राष्ट्रपती भवनात मोजली जातात. १९७९ मध्ये चरणसिंह असेच पंतप्रधान झाले आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता २३ दिवसांत राजीनामा देऊन बसले. आणि १ डिसेंबर १९८९ चा सेंट्रल हॉलमधला प्रसंग तर नाटकासारखाच होता. विश्वनाथ प्रताप सिंहांनी नेतेपदासाठी देवीलालांचे नाव सुचवले, चंद्रशेखरांनी अनुमोदन दिले, देवीलाल निवडले गेले. मग ते उठले, आभार मानले आणि आपल्याऐवजी विश्वनाथ प्रताप सिंहांचेच नाव पुढे केले. चंद्रशेखर उठून निघून गेले. खासदारांनी भरलेल्या त्या सभागृहात खरे काय ठरले आहे हे मोजक्या माणसांनाच माहीत होते. वर्षभरात त्याच चंद्रशेखरांनी पक्ष फोडून काँग्रेसच्या पाठिंब्याने सरकार बनवले, आणि तेही चार महिन्यांत गेले.

न्या. वेंकटचलय्या यांच्या आयोगाने २००२ मध्ये सुचवले होते की लोकसभेने अध्यक्षाप्रमाणे आपला नेताही मतदानाने निवडावा. पाकिस्तानात राष्ट्रीय सभा पंतप्रधान तसाच निवडते, सदस्य उठून वेगवेगळ्या दालनांत जातात आणि डोकी मोजली जातात. तिथे खरे निर्णय कुठे होतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे नुसत्या पद्धतीने सारे काही सुधारते असे मी म्हणणार नाही. तरीही २०२४ नंतर आपल्याकडे पुन्हा मित्रपक्षांच्या बळावरचे सरकार आहे, भाजपच्या २४० ला तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल युनायटेडचे १२ जोडल्याशिवाय गणित सुटणे कठीण आहे, आणि अशा वेळी ही शिफारस कपाटातून बाहेर काढायला हरकत नसावी.

नेपाळमध्ये तो मध्यरात्रीचा करार चौदा महिने टिकला. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात अनेकजण गेले, संसद भवन पेटले आणि ओलींना जावे लागले. पुढे तरुणांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, कोणालाही वाचता येईल अशा ठिकाणी, वाद घालून आणि मते घेऊन माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव काढले. सभागृहाच्या सदस्य नसलेल्या व्यक्तीची ही नेमणूक ७६व्या कलमाच्या कोणत्याच पायरीत बसत नाही, आणि रस्त्यावरच्या गर्दीने पंतप्रधान ठरवणे मला जुन्या माणसाला पटतही नाही. पण ज्या पिढीला २०२४ च्या त्या रात्री काय ठरते आहे हे कोणी सांगितले नव्हते, तिने निदान आपली चर्चा सर्वांसमोर केली, ही गोष्ट मला नोंदवावीशी वाटते.

तेथे आता ५ मार्च २०२६ ला निवडणूक ठरली आहे. आमच्या चौकीदाराने सोसायटीकडे पंधरा दिवसांची रजा मागितली आहे. धनगढीपर्यंत जायचे, मत द्यायचे आणि परत यायचे. इतक्या वर्षांत मतदानासाठी त्याने रजा मागण्याची ही पहिलीच वेळ. काल रात्री बैठकीहून परतताना मी त्याला विचारले की कोणाला मत देणार. त्याने पक्षाचे नाव सांगितले आणि वर विचारले, "वोट तो दे आऊँगा साहब, पर वो बाद में किसके साथ बैठेंगे, ये कहीं लिखा है क्या?"