‘संशयाचा फायदा’ ही मेहेरबानी नव्हे

खुनाचा आरोपी सुटला की लोक लगेच विचारतात, "मग खून केला कोणी?" ते शोधणं कोर्टाचं कामच नाही. कोर्टापुढे प्रश्न एवढाच, की समोर उभ्या असलेल्या माणसावरचा आरोप सरकार पक्षानं शाबीत केला का. वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो, यालाच ‘संशयाचा फायदा’ म्हणतात.

पुण्याचा सारडा खटला घ्या. जून १९८२ मध्ये एका विवाहितेचा पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू झाला. पतीला सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. का? विषप्रयोगात हेतू, विषानंच मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणं आणि ते देण्याची संधी, हे चारही मुद्दे लागतात. सायनाइड त्याच्याजवळ होतं हे सिद्धच झालं नाही. शिवाय आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी त्यानं पुराव्यांच्या साखळीतली हरवलेली कडी भरून निघत नाही, हेही याच निकालात आहे.

ही कडी तुटते कुठे, ते पाहायचं तर मुद्देमालाचा, म्हणजे पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूचा, प्रवास बघा. आरोपी पोलिसांच्या ताब्यात, पंचांसमोर (जप्तीच्या साक्षीदारांसमोर) सांगतो, "कोयता लपवलेली जागा दाखवतो." अशा कबुलीला लागू होतं ते पुरावा कायद्याचं जुनं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद). त्यातला जागा दाखवण्यापुरताच भाग चालतो. "याच कोयत्यानं मारलं" हे शब्द पुराव्यात येत नाहीत. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर शोध लागला कसला? जागा उघडी, कुणीही जाऊ शकेल अशी असली, तर वजन आणखी घटतं. मग कोयता जागेवरच लाखेनं सील केला का? लेबलावर पंचांच्या सह्या आहेत का? मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधीची? प्रयोगशाळेत नेणाऱ्या शिपायाची साक्ष झाली का? जप्तीनंतर दहा दिवस वस्तू कुठे होती हे कुणीच सांगत नसेल, तर पात्यावर मयताच्या गटाचं रक्त सापडल्याचा अहवालही लुळा पडतो. पंच फितूर झाले म्हणून रडण्यात अर्थ नाही. तपासी अंमलदाराची साक्ष चोख असेल तर त्यावरही जप्ती टिकते.

मात्र कसलीही शंका म्हणजे वाजवी शंका नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालात आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतलं अंतर न्यायालयानं बजावलं, आणि त्याच निकालात शिक्षाही कायम केली. साक्षीदारांच्या किरकोळ विसंगतीनं खटला पडत नाही.

घरात बायको मेली की नवऱ्यानंच खुलासा द्यावा, असं पुरावा कायद्याचं कलम १०६ (आताचं १०९) वापरून सर्रास म्हटलं जातं; खास आपल्यालाच ठाऊक असलेली गोष्ट ज्याची त्यानं शाबीत करावी, असं ते कलम सांगतं. मला यातली घाई धोक्याची वाटते. त्या रात्री तो घरात होता, हे आधी सरकार पक्षानं सिद्ध करायचं असतं. ते झाल्यावरच त्याचं मौन त्याच्या विरोधात जातं.