ॲशट्रेच्या झाकणावरचे खड्डे

जुन्या गाडीचा रंग सगळे बघतात, इंजिनाचा आवाज सगळे कान देऊन ऐकतात, पण आतल्या क्रोमच्या पट्ट्या, दाराच्या मुठी, काचेची हँडलं, मीटरभोवतीच्या रिंगा यांना बघणारा एकच प्राणी असतो आणि तो म्हणजे मालक, कारण दुसऱ्या कुणावर तिथे नाक लावून बसायची वेळच येत नाही. बंपरवरचा डाग दहा पावलांवरून दिसत नाही, दुरून डोंगर साजरे. पण ॲशट्रेचं झाकण गुडघ्याला लागून असतं. सिग्नलला गाडी थांबली की नजर जाणार कुठे, तर तिथेच.

माझ्या गाडीतल्या त्या झाकणाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेत. मी सिगरेट ओढत नाही, ॲशट्रे कधी उघडतही नाही, तरी सगळ्यात जास्त मनस्ताप मला त्याचाच. भिंगाखाली धरून बघितलं तर प्रत्येक खड्ड्याची कड वर उचललेली, मध्ये पांढरी पूड, आणि नख फिरवलं की क्रोमचा एखादा पापुद्रा सुटून नखात येतो. लाल गंज कुठेच नाही, म्हणजे लोखंड नाही. चुंबक लावला, तो खाली पडला. ॲल्युमिनियम म्हणावं तर हाताला चांगलं जड लागतंय. म्हणजे जस्त. इथे अनुभवी माणूस एक सुस्कारा सोडतो.

लोखंड असतं तर घासलं असतं, स्टेनलेस असतं तर पोचे मागून ठोकून पॉलिश मारलं असतं, दोन्ही माणसासारखी वागतात. जस्ताचं तसं नाही. ते कमी तापमानाला वितळतं, साच्यात ओतलं की बारीक नक्षी, रेघा, अक्षरं सगळं जसंच्या तसं उतरतं, म्हणून कारखान्यांनी आतला नट्टापट्टा धडाधड त्याच्यात ओतून टाकला. सुरुवातीचं जस्त शिशाच्या भेसळीमुळे आतल्या आत तडकून भुगा व्हायचं, मग 1929 साली न्यू जर्सी झिंक कंपनीने शुद्ध जस्तात चारेक टक्के ॲल्युमिनियम आणि नखभर मॅग्नेशियम वगैरे घालून झमॅक नावाचे मिश्रधातू काढले आणि ती भानगड मिटली. त्याच्यावर तांबं, तांब्यावर निकेल, निकेलवर क्रोम. आता गंमत अशी की ज्या क्रोमच्या नावाने आपण सगळे उड्या मारतो तो थर बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉनसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नसतो, खरी चमक खालच्या निकेलची, क्रोम नुसता ती पिवळी पडू नये म्हणून वर निळसर झाक देऊन बसलेला. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून दमटपणा, हाताचा घाम हळूहळू खाली जातो, जस्तापर्यंत पोचला की जस्त फुलतं, फुललेल्याला जागा जास्त लागते, मग ते वरचे तिन्ही थर उचलून बाहेर येतं. म्हणजे आपल्याला खड्डा दिसतो तेव्हा आतली पार्टी कधीच संपलेली असते.

हे मी लोकांना सांगतो, पण ऐकतंय कोण. ज्याला कळलं तो सल्ला देतो. पहिला सल्ला ठरलेला, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घास, एकदम नव्यासारखं होतं. लोखंडावरच्या क्रोमला खरंच होतं, फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा न पाडता गंज काढते, त्याबद्दल वाद नाही. जस्तावर मात्र एवढंच होतं की आधी घाणेरडा खड्डा होता तो आता स्वच्छ खड्डा होतो आणि त्यामुळे लांबूनसुद्धा दिसायला लागतो. दुसरा सल्ला, पुट्टी भर आणि प्लेटिंगला, म्हणजे विजेने धातूचा नवा थर चढवायला दे. साधी इपॉक्सी पुट्टी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे प्लेटिंग सगळीकडे चढतं, नेमकं पुट्टीवर सोडून. तिसरा सल्ला क्रोमच्या स्प्रेचा. डब्याच्या झाकणावर आरसा असतो, डब्यात राखाडी रंग असतो. आणि तो बोटाने पुसला जाऊ नये म्हणून वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर मारला की जी काय थोडीफार चमक होती तीही जाते. हौशी लोक तकतकीत काळ्या बेसवर एअरब्रशने चांगलं काम करतात, मी बघितलंय, पण ते हात न लागणाऱ्या वस्तूला ठीक, काचेच्या हँडलला कोण हात न लावता फिरवणार?

पार्ट गाडीतून काढणं हा वेगळाच अध्याय. काचेच्या हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक क्लिप असते, ती दिसत नाही. हँडल आणि दाराच्या मध्ये कापडाची पट्टी घालायची आणि मागेपुढे ओढत राहायचं, कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि ती सुटते. सुटते म्हणजे काय, उडते. टिंग असा आवाज येतो आणि मग शांतता. त्यानंतर आपण सीटच्या रुळाखाली मोबाईलचा टॉर्च मारत पालथे, आणि तिथे आधीच्या मालकाचं पेन, एक नाणं, कुठलातरी वॉशर असं बरंच काही मिळतं, क्लिप सोडून. झाकणाच्या मागचे स्टड, म्हणजे नट बसतात ते आटेवाले खुंटे, तर जस्ताचेच ओतलेले, त्यांच्यावर इतक्या वर्षांचा नट चिकटलेला, पाना लावताना श्वास धरायचा. नट हलतोय असं वाटलं तर खूश होऊ नका, बऱ्याचदा नटाबरोबर स्टडही फिरत असतो.

प्लेटिंगवाल्याने झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि चेहरा असा केला की मला वाटलं आता हा जवळच्या नातेवाइकांना बोलवा म्हणतोय.

"साहेब, हे जस्त आहे."

"हो, माहितीये."

"नवीनच घ्या की."

"मिळत नाही."

"मग राहू द्या."

हे म्हणताना त्याने झाकण परत माझ्या हातात ठेवलंसुद्धा. बरीच मनधरणी केल्यावर त्याने कारण सांगितलं आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. जुनं प्लेटिंग उतरवायला ॲसिड लागतं आणि ॲसिडला क्रोम कुठे संपतं, जस्त कुठे सुरू होतं याच्याशी देणंघेणं नसतं. मग एकेक खड्डा बारीक ड्रिलने चांगला धातू लागेपर्यंत कोरायचा, पांढरी पूड जराशी राहिली तरी ती पुन्हा फुलणार. त्यावर तांब्याचा थर, तोही आधी अल्कलीच्या टाकीत, कारण तांब्याची ॲसिडवाली टाकी उघड्या जस्तालाच खाते. मग खड्ड्यात कमी तापमानाला वितळणारं सोल्डर भरायचं, कानस, पॉलिश पेपर, परत तांबं, परत घासायचं, सपाट होईपर्यंत हेच. गॅसचा टॉर्च लावायची सोय नाही, हा धातू 385 डिग्रीच्या आसपास वितळतो आणि लोखंडासारखा आधी लाल होऊन इशारा वगैरे देत नाही, आत्ता झाकण होतं, आत्ता थेंब आहे.

"आणि एवढं करून बफिंगला पॉलिशच्या फिरत्या चाकाने झाकण खेचलं तर?" तो म्हणाला.

"तर?"

"तर भिंतीवर." त्याने भिंत दाखवली. भिंतीवर खरंच खुणा होत्या.

नाकापेक्षा मोती जड हे त्याने आकडा सांगितला तेव्हा कळलं, पण तोवर झाकण त्याच्या टेबलावर गेलं होतं आणि मला परत मागायची लाज वाटली. एक मात्र सांगतो, कुणी असं काम देणार असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून, वस्तूंची यादी करून द्या, ढिगात एक रिंग हरवली तर ती कधीच नव्हती असं ठरतं. आणि पॉलिश करताना कोरलेली अक्षरं बोथट होतात, ते आधीच बोलून घ्या.

मध्यंतरी वाचनात आलं की अमेरिकेत 1968 पासून नियमच होता, हॉर्नची रिंग, स्टीअरिंगचा मधला भाग, आतल्या आरशाची फ्रेम असल्या वस्तू चकाकता कामा नयेत, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तिरीप येते. म्हणजे एका देशाचं सरकार जी चमक घालवायला कायदा करत होतं तीच परत आणायला मी एका माणसाच्या हातापाया पडत होतो.

झाकण आलं. बराच काळ गेला पण आलं, आणि काय आलं! तोंड बघून घ्यावं असं. बसवलं, स्टडही टिकले. आणि तिथेच घात झाला, कारण काल परवापर्यंत बरी वाटणारी रेडिओची पट्टी, मीटरची रिंग, ग्लोव्हबॉक्सचं कुलूप हे सगळं त्याच्या शेजारी अचानक भंगारात जमा झाल्यासारखं दिसायला लागलं. आधी सगळे एकसारखे खराब होते, त्यात एक सलोखा होता.

मित्राला मुद्दाम पुढे बसवून चक्कर मारली. त्याने झाकणाकडे बघितलं, डॅशबोर्डकडे बघितलं, परत झाकणाकडे.

"हे एवढं एकच बाहेरून बसवलंयस का रे? मॅच होत नाही."

पुढच्या वेळी त्याला मागे बसवला. काच खाली करायला गेला आणि हँडलचा एक पापुद्रा त्याच्या बोटाला चिकटला. "अरे, हे पण क्रोमचंच होतं का मूळचं?" म्हणाला, आणि मी गाडी थेट प्लेटिंगवाल्याकडे वळवली, तो दार लावून घेत होता.