बाटली परत कुठे द्यायची?

पंचवटीतल्या आमच्या वहिनींचा रविवारी फोन आला की सध्या विषय एकच निघतो: २०२७ चा सिंहस्थ आणि कचरा. घंटागाड्या वाढवा, ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांना दंड करा, आणखी एक प्रकल्प उभारा, असं सगळे म्हणताहेत. परवा त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडे जर्मनीत कसं करतात हो?"

आमच्या इमारतीमागे कागद, जैविक कचरा, वेष्टनं आणि उरलेलं यांचे वेगवेगळे डबे आहेत. पण मला भावली ती बाटलीवरची अनामत. २००३ पासून इथे एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटलीमागे २५ सेंट जादा घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते परत मिळतात. कुणी बाटली बाकावर ठेवून गेलं, तर दुसरा उचलून नेतो.

तरीही जर्मनीचे गोडवे मी गाणार नाही. २०१२ चा इथला कायदा सांगतो की आधी कचरा होऊच देऊ नका, मग पुनर्वापर, आणि त्यानंतर पुनर्चक्रीकरण. प्रत्यक्षात माणशी वर्षाला दोनशे किलोंहून अधिक वेष्टनं कचऱ्यात जातात. काकडीसुद्धा प्लास्टिकात गुंडाळलेली मिळते! आपल्या बुधवारच्या बाजारात ती सरळ पिशवीत पडते, रद्दी आणि भंगार घरून विकलं जातं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि ते हातचं घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटलीमागे एक-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती. गेल्या दिवाळीत मी नाशिकला एका दुकानात रिकामी बाटली पुढे केली. दुकानदार गोंधळला. ती घेऊन तो पाठवणार कुठे? त्याचा काय दोष? परत घेण्याची साखळी कंपन्यांच्या पैशातून उभी राहायला हवी, आणि ती राहायला भाग पाडणं हे सरकारचं काम आहे.

सिंहस्थाला रामकुंड आणि तपोवनात लाखो लोक येतील. प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अनामत घ्या, घाटावर परतीची केंद्रं ठेवा आणि ती कचरावेचक बायकांच्या गटांना रीतसर मोबदला देऊन चालवायला द्या. एवढं झालं तरी गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, जाणारं बरंच प्लास्टिक काठावरच अडेल.

वहिनी या आठवड्यात प्रभागाच्या बैठकीला जाणार आहेत. बाटली परत कुठे द्यायची, हा प्रश्न त्यांनी कागदावर लिहून घेतलाय.