खुलासा : ऑटोमॅटिक फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) उतारावर 'सुटत' नाही
पावसाळा लागला की नाशिकच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो : 'ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेक नसतो, त्र्यंबककडच्या उतारांवर गाडी सुटते.' हे साफ चूक आहे. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लिव्हर लो रेंजवर, म्हणजे कमी वेग-जास्त ताकदीच्या गिअरवर टाका, मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरा. इंजिनच गाडीला रोखून धरतं. मॅन्युअल गिअरच्या गाडीची पकड थोडी जास्त, एवढंच खरं. उलट चिखलाच्या चढावर टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) ताकद सलग देतो. मॅन्युअलमध्ये तिथेच अर्धा क्लच दाबून ठेवला की जळका वास येतो, आणि क्लच प्लेट गेलीच समजा. हां, बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल जवळ ठेवा. नवशिक्याला मी ऑटोमॅटिकच सुचवेन.