फिश फायंडरचं झबलं

मराठी माणूस नवा टीव्ही घेतो आणि आधी रिमोटला प्लॅस्टिक चढवतो. तीच माया पुढे समुद्रावर जाते. भाऊच्या धक्क्यावर नाहीतर वर्सोव्याला बोटींकडे नजर टाका. सुकाणूजवळचा जीपीएस, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फायंडर, वायरलेस, सगळे झबला पिशवीत गुंडाळलेले, वरून रबरबँड, आत घामाचे थेंब. आमची यंत्रं पाण्यापेक्षा लाडानंच जास्त मरतात, हे माझं मत मी धक्क्यावर बोलत नाही, कारण पिशव्या तांडेलांनीच, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनीच, बांधलेल्या असतात.

पिशवी हवा कोंडते. दुपारी आतली दमट हवा तापते, रात्री गार होते आणि वाफेचं पाणी मागच्या प्लगांवर बसतं. खार तिथं आधीपासून असतोच. मग पिना हिरव्या पडतात आणि दोष कंपनीला जातो.

"पण हे वॉटरप्रूफ आहे ना?" यंत्रावर लिहिलेला आयपीएक्स७ हा वॉटरप्रूफपणाचा दर्जा म्हणजे 1 मीटर गोड्या पाण्यात 30 मिनिटं तग धरायचा, तेही नव्या यंत्रानं. आपलं यंत्र भर दुपारी डेकवर भाजत असतं आणि नेमका तेव्हाच खलाशी डेक धुवायला बादली उपडी करतो. आतली गरम हवा एकदम आकसते, उन्हानं कडक झालेलं रबरी सील कुठंतरी दबतं आणि यंत्र स्वतःच पाणी आत ओढून घेतं. म्हणून आधी सावली, मग पाणी.

कव्हर कापडाचंच हवं. बोटींसाठी मिळतं ते ॲक्रिलिक कॅनव्हास घ्या, फिक्या रंगाचं. काळं कापड तापतं. शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्यानं, खाली हवेला वाट मोकळी. होकायंत्राजवळच्या कव्हरला चुंबकाची बटणं लावणारे महाभाग आहेत. कव्हर छान बसतं, बोट भलतीकडे जाते.

उन्हात स्क्रीन काळी पडली तर लगेच हंबरडा फोडू नये. एलसीडी फार तापली की काळवंडते आणि बहुतेक वेळा गार झाल्यावर ताळ्यावर येते. पोलराइज्ड गॉगलमधूनही कधीकधी ती काळी दिसते. मेकॅनिकला फोन लावण्याआधी गॉगल काढून बघायला पैसे पडत नाहीत.

पुसण्याचं शास्त्र मात्र कुणीच मानत नाही. खांद्यावरचा टॉवेल, ज्यानं नुकतंच डिझेल पुसलं, तोच स्क्रीनवर फिरतो. मिठाचे कण काचेवर घासले की वरचा थर गेलाच. आधी गोडं पाणी हळू ओता, मीठ विरघळू द्या, मग ओल्या मायक्रोफायबरनं टिपा. थिनर, पेट्रोल, अमोनियावाला काचेचा स्प्रे लांब ठेवा, त्यानं होकायंत्राच्या ॲक्रिलिक घुमटाला बारीक तडे जातात. ओरखड्यांवर टूथपेस्ट सुचवणारा प्रत्येक बंदरावर एक असतोच, त्याला चहा पाजून वाटेला लावावं. होकायंत्रात बुडबुडा दिसला म्हणजे तेल गळतंय. त्यात खोबरेल भरायचं नसतं.

वायर प्लगमध्ये शिरण्याआधी खाली झोका घेईल इतकी सैल सोडा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. पिनांवर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात. भोकं बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या. तेव्हा यंत्रं बोटीवर ताडपत्रीखाली ठेवू नका. काढून आणा, राहिलेल्या केबलच्या तोंडांना टोप्या घाला, यंत्रं हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं असं समजा. साधारण 120 अंशांवर तापवलं की पुन्हा निळं होतं, पण पोळ्यांच्या तव्यावर नको, त्यात कोबाल्ट असतो. आणि काढतानाच प्रत्येक केबलला नंबराची चिठ्ठी लावा, कारण नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोळीवाड्यातला एकुलता एक इलेक्ट्रिशियन सगळ्यांनाच हवा असतो.