खात्याचं वय आणि माणसाची पत

क्रेडिट स्कोअरचा, म्हणजे उधारी आणि परतफेडीच्या नोंदींवरून काढलेल्या पतीच्या आकड्याचा, विषय निघाला की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: "जुनं कार्ड काही झालं तरी बंद करू नकोस, स्कोअर कोसळेल." सांगणारा मनापासून सांगत असतो. पण या भीतीपोटी कितीतरी जण नको असलेलं कार्ड वर्षानुवर्षं जवळ बाळगतात आणि त्याची वार्षिक फी भरत राहतात. दुसरीकडे, ज्यांचं पहिलंच खातं नुकतं उघडलंय ते कमी स्कोअर बघून स्वतःलाच कमी लेखतात. या दोन्ही गोष्टी मला मनापासून खटकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हिशेब समजून घेऊ. हिशेब कळला की निम्मी भीती जाते.

फायको ही स्कोअर तयार करणारी अमेरिकी कंपनी. 1956 मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी ती सुरू केली आणि तिचा सर्वसाधारण वापराचा स्कोअर 1989 मध्ये आला. 300 ते 850 या पट्टीवरच्या या स्कोअरमध्ये कशाला किती वजन आहे, हे कंपनीने ढोबळमानाने जाहीर केलेलं आहे. वेळेवर परतफेड 35 टक्के, डोक्यावरचं देणं 30 टक्के, पतइतिहासाची लांबी 15 टक्के, नवी खाती 10 टक्के आणि कर्जांचे प्रकार 10 टक्के. म्हणजे खात्याच्या ज्या वयाची, पतइतिहासाच्या लांबीची, एवढी धास्ती घेतली जाते, त्याचं वजन परतफेडीच्या वजनाच्या निम्मंही नाही.

या 15 टक्क्यांत मुख्यतः तीन गोष्टी बघतात: सगळ्यांत जुन्या खात्याचं वय, सगळ्यांत नव्या खात्याचं वय आणि सगळ्या खात्यांचं सरासरी वय. सरासरीचा खेळ कसा चालतो बघा. एखाद्याची 12, 6 आणि 3 वर्षांची तीन खाती आहेत. सरासरी 7 वर्षं. आज त्याने चौथं उघडलं तर सरासरी सव्वापाच वर्षांवर येते. आता ज्याच्याकडे 2 वर्षांचं एकच खातं आहे, त्याने आज दुसरं उघडलं तर त्याची सरासरी थेट 1 वर्षावर, म्हणजे निम्म्यावर. कृती दोघांची एकच, फटका मात्र ज्याची फाइल पातळ, म्हणजे खाती थोडी, त्याला जास्त. त्यामुळे सुरुवातीच्या काळात एकामागून एक कार्डं घेऊ नयेत, हा सल्ला मात्र खरंच पाळण्यासारखा आहे. नवं काही उघडलं नाही तर सरासरी दर वर्षी एका वर्षाने आपोआप वाढते. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आता जुनं कार्ड बंद करण्याबद्दल. बहुतेकांना वाटतं, कार्ड बंद केलं की त्याची वर्षं त्याच दिवशी पुसली जातात. फायकोच्या पद्धतीत तसं होत नाही. बंद केलेलं खातं जोवर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या खात्यांच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं तोवर त्याचं वय मोजलं जातं, आणि अमेरिकेत नीट फेडलेलं बंद खातं साधारण 10 वर्षं रिपोर्टमध्ये राहतं. (व्हँटेजस्कोअरसारख्या दुसऱ्या मॉडेलमध्ये बंद खात्यांचा हिशेब वेगळा असू शकतो.) मग कार्ड बंद केल्यावर स्कोअर पडलेला दिसतो, तो का? बऱ्याचदा कारण वयाचं नसतं, कार्डावर जास्तीत जास्त किती उधार घेता येतं त्या मर्यादेचं असतं. समजा, सारख्याच मर्यादेची दोन कार्डं आहेत आणि दोन्ही मिळून 20 टक्के मर्यादा वापरलेली आहे. एक बंद केलं की देणं तेवढंच राहतं, मर्यादा अर्धी होते आणि वापर 40 टक्के दिसायला लागतो. हे 30 टक्के वजनाच्या घटकात बसतं, म्हणून ठसठशीत दिसतं. पण त्यावर उपाय सोपा आहे. देणं कमी करा, पुढच्या नोंदीत बहुतेक प्रचलित मॉडेल्समध्ये स्कोअर सावरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: फी न लागणारं जुनं कार्ड असेल तर खुशाल ठेवा, अधूनमधून वापरा, नाहीतर न वापरल्यामुळे देणारी कंपनी ते स्वतःहून बंद करू शकते. पण दर वर्षी फी भरायला लावणारं, किंवा ज्याच्यामुळे खर्चाला हात आवरत नाही असं कार्ड केवळ त्याच्या वयापायी सांभाळू नका. आधी दुसऱ्या कार्डांवरचं देणं उतरवा, मग निश्चिंतपणे बंद करा. पुढच्या काही महिन्यांत घराचं मोठं कर्ज काढायचं असेल, तर तेवढं होईपर्यंत थांबा.

कर्ज देणाऱ्याला वयाची किंमत का वाटते, हेही रास्तपणे सांगायला हवं. दीर्घ नोंदीत चांगले दिवस येतात, वाईट दिवस येतात, आणि दोन्हींत माणूस कसा वागला ते दिसतं. सहा महिन्यांच्या नोंदीत तसं काही दिसत नाही. (खातं किमान सहा महिने जुनं असल्याशिवाय फायको स्कोअर तयारच होत नाही.) शिवाय 15 वर्षं चालू राहिलेलं खातं मधल्या काळात बुडालेलं नसतं, म्हणूनच ते चालू असतं. इथपर्यंत तर्क ठीक आहे. खोट पुढच्या पायरीवर आहे. "याची नोंद लहान आहे" या वाक्याचं बघता बघता "हा माणूस भरवशाचा नाही" असं रूपांतर होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

याचा पुरावा आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, 2007 मध्ये क्रेडिट स्कोअरिंगवर तिथल्या संसदेला अहवाल दिला. त्यात असं आढळलं की नुकत्याच स्थलांतरित होऊन आलेल्या लोकांचे स्कोअर त्यांच्या प्रत्यक्ष परतफेडीच्या मानाने काहीसे कमी होते. कारण? त्यांची नोंद नव्याने कर्ज घेणाऱ्या तरुणांच्या नोंदीसारखी दिसत होती, आणि त्या तरुण गटाची परतफेड कमकुवत असते. म्हणजे चाळीस वर्षांचा, आपल्या देशात आयुष्यभर व्यवहार चोख ठेवलेला माणूस निव्वळ नोंद कोवळी म्हणून विशीतल्या मुलाच्या रांगेत उभा केला गेला. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि आकड्यांतून झालेला अन्याय जास्त टिकतो कारण त्याला निःपक्षपातीपणाचं कवच असतं.

बायकांच्या बाबतीत हे आणखी जुनं आहे. घरातलं कर्ज नवऱ्याच्या नावावर, हप्त्यांची जुळवाजुळव दोघांची, इतिहास मात्र एकट्याचा. नवरा गेला किंवा वेगळं झालं की बाईची फाइल कोरी. अमेरिकेत 1974 चा समान पतसंधी कायदा आला, त्याच्या नियमांत जोडीदारांच्या सामाईक खात्याची नोंद दोघांच्याही नावाने कळवण्याची तरतूद झाली. ती करावी लागली, यातच नोंद आणि वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी असल्याची कबुली आहे.

आणि वय उसनंही मिळतं. दुसऱ्याच्या जुन्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते कार्ड वापरायची परवानगी असलेला, म्हणून नाव घातलं की त्या खात्याची वर्षं आपल्या रिपोर्टमध्ये येतात. घरच्यांनी मुलांना असा हात द्यावा यात गैर काही नाही. पण काही मंडळींनी पैसे घेऊन अनोळखी लोकांना जुनी कार्डं 'लावून' द्यायचा धंदा मांडला. तेव्हा 2007 मध्ये फायकोने नव्या आवृत्तीत अशी खाती धरणारच नाही असं जाहीर केलं. त्यात खऱ्या जोडीदारांचं नुकसान होतं हे पुढे आल्यावर 2008 मध्ये निर्णय बदलला आणि फक्त गैरवापर गाळायची व्यवस्था केली. जे वय पैसे देऊन रिपोर्टवर चढवता येतं, त्यावरून सचोटी जोखायची तरी किती?

2007 च्या त्याच अहवालात उपायाची दिशाही होती: घरभाडं, दरमहा भरली जाणारी बिलं आणि स्थलांतरितांचा मूळ देशातला पतइतिहास नोंदीत आणला तर चित्र अधिक पूर्ण होईल. पुढे 2014 च्या फायको 9 या आवृत्तीत भाड्याची नोंद, कुणी कळवली असेल तर, धरायची सोय झाली. सगळी मेख त्या 'कळवली असेल तर'मध्ये आहे. भाडं दहा वर्षं वेळेवर भरणाऱ्याची वर्षं मोजायची की नाही, हे अजून कुणीतरी ती नोंद कळवण्यावर अवलंबून आहे.

इथे कर्ज विभागात काम करणारे बरेच जण आहेत, त्यांना थेट विचारते. वर्षभराचंच खातं असलेला अर्जदार समोर आला आणि त्याने भाड्याच्या पावत्या, बिलं, पगाराच्या नोंदी पुढे ठेवल्या, तर त्या बघण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का? असेल तर तुम्ही तो वापरता का? आणि नसेल, तर तो मागायला काय आड येतं?