शूटिंग सुरू झालं की सीनचे नंबर बदलायचे नसतात!

मी सेटवर कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय ना ते. एवढी साधी गोष्ट प्रत्येक युनिटला नव्याने का सांगावी लागते? नवा सीन आला तर त्याला १२ए म्हणा. सीन उडाला तर त्या जागी 'सीन रद्द' लिहा आणि नंबर तसाच राहू द्या. पण नाही. कुणीतरी वर्डमध्ये बाराव्या सीननंतर एक सीन घुसवतं, ऑटो नंबरिंग चालूच असतं, आणि पुढचा अख्खा सिनेमा एकेक नंबर सरकतो. काल शूट झालेला ४७ आज ४८ झालेला असतो. क्लॅपवर, म्हणजे शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवर ४७, साउंड रिपोर्टवर ४७, कॅमेरा रिपोर्टवर ४७, माझ्या कंटिन्युइटीच्या फोटोंवर ४७. आणि एडिटरच्या हातात पडलेल्या नव्या स्क्रिप्टमध्ये ४७ ला भलताच सीन. मग फोन कुणाला येतो? मला.

स्क्रिप्टच्या पानावर मी दिवसभर उभ्या रेघा मारत असते, त्या कशासाठी हे तरी किती जणांना माहीत आहे? एक रेघ, एक शॉट. डोक्यावर शॉट नंबर आणि टेक, म्हणजे त्या शॉटचा कितवा प्रयत्न. शॉट ज्या शब्दावर सुरू झाला तिथून रेघ निघते, कट झाला तिथे थांबते. पात्र कॅमेऱ्यासमोर बोलत असेल तर रेघ सरळ, आवाज फ्रेमबाहेरून येत असेल तर नागमोडी. समोरच्या पानावर लेन्स, टेकचा वेळ, कुठला ओके, कुठला एनजी (नो गुड, म्हणजे बाद) आणि का. या वाक्याला सासूचा क्लोजअप घेतलाय की नाही, हे एडिटरला त्या एका पानावर कळतं. रेघा शब्दांवर उभ्या असतात हो. खालचा शब्द काढून घेतलात तर त्या रेघेला काय अर्थ उरला?

परवाचंच घ्या. स्वयंपाकघरातला सीन. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकसलग घेतलेल्या शॉटमध्ये, सासू "तुला ठाऊक होतं ना?" म्हणते आणि 'ना'वर उजव्या हातातला कप बशीत ठेवते. माझ्या पानावर त्या 'ना'ला बाण काढलेला आहे. लंचमध्ये ते वाक्यच काढलं. क्लोजला दुसरं वाक्य. सासू करणाऱ्या बाईंना नवं वाक्य व्हॅनिटी व्हॅनमध्ये मिळालं, मला ते क्लॅप पडल्यावर कानावर आलं. आता कप बशीत कधी जाणार? टेकच्या मधोमध मी हे कुणाला विचारू? आणि कप जुळला नाही की एडिटवर सगळे एका सुरात म्हणणार, "कंटिन्युइटी कोण बघत होतं?"

बदल करू नका, असं मी म्हणत नाहीये. तारखा तुटतात, लोकेशन हातचं जातं, पाऊस येतो, कधी सेटवर खरंच जास्त चांगलं वाक्य सुचतं. बदला. पण काय बदललंय ते सांगा! हॉलिवूडमध्ये बदललेल्या पानांना रंग ठरलेले असतात, बहुतेक ठिकाणी पांढऱ्यानंतर निळं, गुलाबी, पिवळं, हिरवं. बदललेल्या ओळीसमोर समासात फुली. रंगीत कागद परवडत नसतील तर नको, पानाच्या डोक्यावर तारीख आणि समासात ती फुली, एवढं तरी? माझ्याकडे येते ती रात्री साडेअकराला ग्रुपवर पडलेली 'फायनल न्यू २' नावाची पीडीएफ. सोबत एक ओळ, "थोडे चेंजेस आहेत, बघून घ्या." शंभर पानांत ते थोडे कुठे आहेत ते मी शोधायचं, सकाळी सहाला सेटवर हजर व्हायच्या आधी.

त्यात लेखकाची फाइल जुन्या फॉन्टमधली, कुणीतरी ती परस्पर युनिकोडमध्ये बदललेली. जोडाक्षरं फुटलेली, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटलेल्या, एक शब्दही न बदलता पानं वाढलेली. जुना-नवा ड्राफ्ट कंपेअर मारला की प्रत्येक ओळ लाल. वर सल्ला, "आयपॅडवर ॲप घे ना, नोट्स आपोआप नव्या ड्राफ्टवर जातात." जातात, मजकूर जुळला तर! बोलल्या गेलेल्या वाक्यावरची रेघ कुणीही न बोललेल्या वाक्यावर जाऊन बसली, तर तिचं मी काय करू?

आणि सर्वांत डोकं फिरतं ते "जुनी पानं फाडून टाक, गोंधळ नको" ऐकलं की. शूट झालेलं पान जुनं होत नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर नक्की काय बोललं गेलं, ते त्याच पानावर आहे. अर्धा सीन झाल्यावर वाक्यं बदलली तर दोन्ही पानं फाइलमध्ये राहणार. आधीचे शॉट आधीच्या पानावर, नवे नव्या पानावर. माझ्या फाइलला कुणी हात लावायचा नाही.

चीफ एडींना, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शकांना, मी आज स्पष्ट सांगितलंय. उद्यापासून कॉलशीटसोबत, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकासोबत, बदललेल्या सीनची यादी हवी, जुन्या नंबरांसकट. यादी हातात येईपर्यंत मी क्लॅपला नंबर देणार नाही.